तळ्याला लावलेला कान

"जे ऐकाल त्यात हात घालायचा नाही," असं अपूर्वनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ऐकणाऱ्यानं फक्त ऐकायचं. ऐकलेलं सुधारायला गेलात की ते पुन्हा तसं ऐकू येत नाही." भार्गवीनं मान डोलावली आणि मांडीवरच्या जानूच्या नाकाखाली बोट धरून तिचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. जानू दीड वर्षाची होती, टक्क जागी होती आणि बिस्कीट खात होती. पण भार्गवी खात्री करून घेणाऱ्यांतली होती. अपूर्वचा इशारा मात्र तिनं सोडून दिला. तो पक्ष्यांबद्दल असणार, असं तिनं धरलं, आणि पक्ष्यांच्या संसारात हात घालायचा तिचा काही विचार नव्हता.

हे आष्टीजवळच्या तिच्या माहेरी, दिवाळीच्या सुट्टीत. गावाबाहेरचा पाझर तलाव आता पक्ष्यांसाठी राखीव झाला होता. उथळ पाणी, काठानं पाणकणसाचं रान आणि हिवाळ्यात कुठून कुठून येऊन उतरणारी बदकं. जनावरं पाण्यावर न्यायला बाभळीकडचा एक कोपरा तेवढा गावाला ठेवला होता. अपूर्व पुण्याहून आलेला ध्वनिकलाकार. म्हणजे नेमकं काय, हे गावानं त्याला पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी सरपंच अंगदनं "हे आवाजाचे फोटो काढतेत" अशी सगळ्यांची समजूत घालून टाकली. अपूर्वनं गावकऱ्यांना बांधावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि अर्धा तास काही न बोलता नुसतं तळं ऐकायला सांगितलं. भार्गवीच्या शेजारच्या दुर्गाबाई लगेच झोपल्या. त्यांचं घोरणं इतकं भरदार होतं की अपूर्वनं तेही गंभीरपणे ऐकलं.

मग त्यानं त्या कोपऱ्यातल्या बाभळीवर एक पेटी बसवली. आत माईक आणि सिमकार्ड, वर सौरपट्टी. तळ्याचा आवाज आता दिवसरात्र मोबाईलवर, कुठेही बसून ऐकता येणार होता. ऐकणाऱ्यांचा 'कान देऊन' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. नको कसं म्हणायचं म्हणून भार्गवीही त्यात शिरली.

जालन्याला परत आल्यावर एका संध्याकाळी जानूला भात भरवताना तिनं सहज एका कानात इअरफोन घातला. दुसरा कान जानूसाठी मोकळा. टिटवी ओरडली, पाण्यात काहीतरी डुबुक्कन वाजलं, आणि मग अगदी कानाशी तिचे वडील खाकरले.

बद्रीनाथअण्णा म्हशीला पाण्यावर घेऊन आले होते.

"पी, बिजले," ते म्हणाले. "जल्दी न्हाई कायबी. घरी कोन आपली वाट बघून राह्यलंय."

भार्गवीच्या हातातला घास हातातच राहिला. जानूनं तोंड उघडून बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच हात पुढे करून तो खाल्ला.

अण्णांचा एवढा सलग आवाज भार्गवीनं दोन वर्षांत ऐकला नव्हता. आई होती तोवर माहेर म्हणजे आईचा फोन. मीनाबाई कोणाचं लग्न ठरलं, कोणाची शेळी व्याली इथपासून सगळं सांगायच्या आणि शेवटी ओरडून विचारायच्या, काही सांगायचंय का पोरीला. त्यावर अण्णा लांबूनच न्हाई म्हणायचे. आई गेली आणि बातम्या तिच्याबरोबर गेल्या. फोन अण्णांच्या हातात आला. अण्णांच्या लेखी फोन ही काही झालं तरच वापरायची वस्तू होती. त्यात जास्त बोललं की खर्चा होतो, ही त्यांची समजूत टेलिफोन बूथच्या काळापासूनची. कितीही बोललं तरी तेवढेच पैसे, हे भार्गवीनं समजावल्यावर ते "तरी बी" म्हणाले होते. त्यांचं संभाषण ठरलेलं होतं. हं. बरं हाय. ठिवतो.

आणि तेच अण्णा बाभळीखाली म्हशीपाशी मनमोकळे बोलत होते. वरण पातळ झालं म्हणून, अंगदनं गटारीचं काम पुन्हा पुढं ढकललं म्हणून, आईनं लावलेल्या कढीपत्त्याला कीड लागली म्हणून. पुढच्या संध्याकाळीही भार्गवी कान लावून बसली, त्याच्या पुढच्याही. ग्रुपवर संभाजीनगरच्या शरयू मॅडम, निवृत्त प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, आज चक्रवाक आले, आज वारकरी पक्षी फार भांडले, असं लिहायच्या. भार्गवीला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. ती पाखरांच्या कलकलाटातून अण्णांना निवडून घ्यायची, तांदळातून खडे निवडतात तसं, फक्त इथं खडेच हवे होते.

"आज पोरीचा फोन आल्ता," एकदा अण्णा म्हणाले. "बोलावं वाटतं लई. पर हातात फोन आला की समदं इसरून जातं बघ. तिच्या लेकीला दात किती आले, तेवढं बी इचारायचं ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी भार्गवीनं फोन लावला आणि काही न विचारताच जानूच्या दातांची सगळी हकिगत सांगितली. पलीकडून हं आलं, पण ते नेहमीच्या हंपेक्षा लांब होतं.

इथून तिचा हात आत शिरला. अण्णा म्हशीला म्हणाले, गुडघा कुरकुर करतो. परतूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर भार्गवीनं तेल धाडलं. म्हशीला म्हणाले, पहाटे गारठा झोंबतो. नवी चादर आली. म्हणाले, चटणी-भाकरीनं तोंड आलं. दुर्गाबाईंच्या घरून वाटीभर दोडक्याची भाजी यायला लागली. अण्णा चक्रावले. "पोरीला बराबर कळतं कसं, बिजले? मीनाच सांगत असंल वरून." भार्गवी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हसली आणि मग बराच वेळ तिथंच उभी राहिली.

तिचा नवरा स्वानंद बियाणांच्या कंपनीत होता. तो स्वभावानं गरीब, पण एक दिवस त्याला राहवलं नाही.

"अगं, तू वडिलांवर पाळत ठेवतेयस."

"मी पक्षी ऐकतेय," भार्गवी म्हणाली.

मग एका संध्याकाळी बिजलीनं दावं ओढलं आणि अण्णा पडले. तिनं ते स्वच्छ ऐकलं: पाय घसरल्याचा आवाज, धप्प, आणि अण्णांनी दुखऱ्या गुडघ्याला घातलेली एक शिवी, जी त्यांना येते हे तिला माहीत नव्हतं. ते उठले, लंगडत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच भार्गवीनं फोन केला. आपल्याला कसं कळलं ते तिनं सांगितलं नाही. पण या वयात म्हैस झेपत नाही, धारा काढायला खाली बसवत नाही, ती आता काढून टाका, हे तिनं उलटसुलट करून इतक्यांदा सांगितलं की शेवटी जानूही फोनजवळ येऊन म्हस, म्हस म्हणू लागली. अण्णा हं म्हणाले. बरं म्हणाले. ठिवतो म्हणाले. भार्गवीला हलकं वाटलं. अण्णा कुठलीही गोष्ट ताबडतोब करत नसत. नळाची तोटी बदलायला त्यांना दोन पावसाळे लागले होते. त्यामुळे आठवडाभरानं ती हे बोलणं विसरूनही गेली.

आणि मग एका संध्याकाळी अण्णा आलेच नाहीत.

टिटवी होती. बदकं होती. पाणकणसातून वारा जात होता. अण्णांची वेळ झाली, सरली. भार्गवीनं घरी फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. तिनं दुर्गाबाईंना लावला. दुर्गाबाईंची भाकरी तव्यावर होती. त्यांनी घाईघाईनं सांगितलं की भाऊ मघाच तळ्याकडं गेले, डोळ्यानं बघितलं, आणि भाकरी करपते म्हणून फोन ठेवला. अण्णा तळ्याकडे गेले आणि तळ्यावर ऐकू येत नाहीत. एवढ्यात इअरफोनमध्ये डुबुक्क असा आवाज झाला. त्यामागोमाग एक जड, लांब, खोलवरून आलेला हुंकार.

तिनं आवाज मागे नेऊन तो हुंकार स्वानंदला ऐकवला. स्वानंद म्हणाला, बेडूक असेल. तिनं तो ग्रुपवर टाकला आणि कुणाला ओळखतोय का, असं विचारलं.

आयुष्यभर कुणी काही विचारेल म्हणून कान तयार ठेवून बसलेली ती माणसं. शरयू मॅडमचं उत्तर लगेच आलं: हा पक्षी नव्हे, सस्तन प्राणी आहे, आकारानं मोठा, वयस्क नर. नाशिकच्या डॉक्टर भालचंद्रांनी आवाज हळू करून पुन्हा ऐकला आणि छातीत थोडा कफ असल्याचं कळवलं. कुणी तरी अंगठ्याचं चित्र टाकलं. भार्गवीनं थेट सरपंचाला फोन लावला. तिला एवढंच बोलता आलं की अण्णा तळ्यात पडलेत, अंगददादा, कुणाला तरी पाठवा.

अंगदनं कुणाला तरी पाठवलं नाही. त्यानं सगळ्यांना पाठवलं. देवळाच्या भोंग्यावरून त्यानं केलेली घोषणा तळ्यावरच्या पेटीतूनही बारीक ऐकू आली. बद्रीनाथअण्णा पाण्यात पडलेले आहेत. ज्यांना पोहता येतं त्यांनी जल्दी तळ्यावर यावं. ज्यांना येत नाही त्यांनी दोर घेऊन यावं.

स्वानंद गाडीच्या चाव्या शोधत होता. भार्गवी जानूला घट्ट धरून जमिनीवर बसली होती. आधी लांबून कुत्री, मग माणसं, मग ट्रॅक्टर. तळ्यावरचं एकूण एक पाखरू एका वेळी उठलं. हजारो पंखांचा तो फडफडाट कानात मावेना. शरयू मॅडमनी ग्रुपवर लिहिलं: अविस्मरणीय. भार्गवीनं फोन भिंतीवर मारायचा तेवढा बाकी ठेवला. कोणी तरी धाडकन पाण्यात उडी घेतली आणि पाणी गुडघाभरच असल्यामुळे त्याच्या ओरडण्याचा आवाज आला. दोर इकडं आणा, दिवा तिकडं धरा. आणि या सगळ्या गलक्यात, पेटीच्या अगदी खालून, दुर्गाबाई बोलल्या.

"अवो भाऊ, तुमी हितं काय करून राह्यले?"

"बसलोय," अण्णा म्हणाले.

"गाव तुमाला पान्यात हुडकून राह्यलंय."

"मला वाटलं कुनाचं जनावर पडलं. म्हनलं, ह्या गुडघ्यानं मी काय मदत करनार."

"मंग आवाज तरी द्यायचा व्हता."

"कुनाला देऊ? म्हैस इकली न्हाई का सकाळी."

भार्गवीनं दुसऱ्या कानातही इअरफोन घातला.

अण्णा त्यांच्या नेहमीच्या वेळेला तिथंच आले होते. सवयीनं. आधी नुसते उभे राहिले होते, एक खडा उचलून पाण्यात टाकला होता, टेकताना गुडघा दुखला म्हणून हुंकारले होते, आणि मग, बोलायला समोर कोणी नाही म्हणून, गप्प बसून राहिले होते. पेटीला टिटवी ऐकू येत होती, वारा ऐकू येत होता. गप्प बसलेला माणूस ऐकू येण्याची काही सोय तिच्यात नव्हती. आणि म्हैस कोणी काढायला लावली होती, हेही भार्गवीला आता आठवलं.

तिकडे अंगदच्या डोक्यात हिशोब बसत नव्हता. पोरगी जालन्याला, बाप इथं, तर तिला कळलं कसं? कोणीतरी वर बोट दाखवलं असणार, कारण सगळा गलका एकदम थांबला. सगळं गाव मान वर करून आपल्याकडे बघतंय, हे भार्गवीला ऐकू आलं.

"म्हंजी," दुर्गाबाई सावकाश म्हणाल्या, "आमी पलीकडं धुनं धुतानी बोलतो ते बी?"

"काय बोलत व्हत्या आत्याबाई?" त्यांच्या सुनेनं, शीतलनं, तितक्याच सावकाश विचारलं.

त्यानंतरचं भांडण फार चांगलं झालं आणि ग्रुपवरच्या साठ-सत्तर लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. भार्गवीनं त्यातून फक्त एकच आवाज वेगळा केला: अण्णांच्या चपला, एक पाय ओढत, गावाकडे जाणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. पेटीखाली उभे राहिले. घसा साफ केला. "भार्गवी," ते पेटीला म्हणाले, "हं. बरं हाय मी. ठिवतो." आणि गेले.

पण गावाला मात्र वाट सापडली. आधी दोन दिवस बायका बाभळीकडे फिरकल्या नाहीत. मग दुर्गाबाईंनीच पेटीखाली उभं राहून पुण्यातल्या लेकीला, दैवशालाला, मोठ्यानं सांगितलं की लोणचं धाडलंय, बरणी उलटी धरू नको. दैवशाला त्याच दिवशी 'कान देऊन'मध्ये आली. आठवड्याभरात गावातल्या निम्म्या लेकी ग्रुपवर होत्या आणि शरयू मॅडम तळं कुठे गेलं म्हणून विचारत होत्या. शेवटी अपूर्व स्वतः आला. तो रागावला नाही, दमल्यासारखा दिसला. पेटी बाभळीवरून काढून त्यानं तळ्याच्या मधोमध, पाणकणसाच्या बेटात नेऊन बसवली. तिथं माणसाचा आवाज पोचत नाही. ग्रुपवरच्या पक्षीप्रेमींत आनंदीआनंद झाला.

म्हैस परत आणायचं भार्गवीनं मनावर घेतलं. ती राजूरकडच्या माणसानं नेली होती आणि तो काही द्यायला तयार होईना. ती त्याच्या पोरांना चांगली सवयीची झाली होती. मग स्वानंद जाऊन अण्णांनाच जालन्याला घेऊन आला. अण्णा आले. जेवले. जानूला पाठीवर घेऊन घरभर फिरले. पण बोलायचं म्हणजे, वरणात मीठ बराबर आहे, एवढंच. भार्गवीनं फुलके लाटता लाटता मुद्दाम विषय काढले, गटारीचा, कढीपत्त्याचा. ते हं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कपडे काढायला गॅलरीत गेली, तर अण्णा तिथं तिचा मोबाईल घेऊन बसलेले. एका कानात इअरफोन, उलटा घातलेला. जानूनं लावून दिला होता. समोर रस्ता, हॉर्न, पाणीपुरीची गाडी. अण्णा डोळे मिटून तळं ऐकत होते.

"ह्यात बिजलीचा आवाज न्हाई," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"ती नाही ना आता तिथं, अण्णा."

"हं." मग कानातलं काढून त्यांनी ते निरखून पाहिलं. "मंग तू एवढं काय ऐकत व्हतीस?"

"तुम्हाला."

अण्णांनी वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. भार्गवी कपडे छातीशी धरून उभी राहिली. बोललं तर उडून जाईल असं काहीतरी समोर बसल्यासारखी.

"म्हशीला काय कळतंय, बाई," अण्णा शेवटी म्हणाले. "तुलाच सांगत व्हतो. ती फकस्त मधी उभी ऱ्हायची."

पुढे आणखी काही येईल म्हणून ती थांबली. पण जानूनं आतून काहीतरी पाडलं, भार्गवी धावली, आणि परत आली तेव्हा अण्णांनी फोन घडी घातलेल्या कपड्यांवर नीट ठेवून दिला होता. दोन दिवसांनी ते गावी गेले. शहरात बसायला बाभूळ नाही, असं काहीसं स्वानंदला सांगून.

आता पेटीतून फक्त तळं ऐकू येतं. फार स्वच्छ ऐकू येतं, असं सगळे म्हणतात. भार्गवी अजूनही संध्याकाळी एका कानात ते घालते आणि बदकांच्या पलीकडे, काठापर्यंत, कान ताणून बघते. अण्णांचा फोन घरात खिळ्याला टांगलेला असतो. चार दिवस झाले, तो उचलला जात नाहीये. दुर्गाबाई लेकीकडे पुण्याला आहेत. अंगदला पुन्हा फोन करायची तिला सोय राहिलेली नाही. तो भोंगा लावतो. आणि जानूला दाढा येतायत, अंगात ताप आहे, तिला घेऊन निघता येत नाही.

तेव्हा परतूरहून आष्टीकडे कुणी निघालं असेल, तर भार्गवीचं एवढं काम करा. गावाच्या अलीकडे डाव्या हाताला बांध दिसेल. त्यावरून चालत जा. बाभळीखाली पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसलेले असतील, असायला हवेत. त्यांना काही विचारू नका. विचारलं तर बरं हाय म्हणतील. नुसते पाण्याकडे तोंड करून त्यांच्या शेजारी उभे राहा, घाई करू नका. थोड्या वेळानं ते आपणहून बोलू लागतील. ते बोलणं तुमच्याशी नसेल, पण नीट ऐकून घ्या, आणि जमलं तर तसंच्या तसं जालन्याला कळवा.